लांबलेला सूर

मोंतार्नेल, २० ऑक्टोबर १९५७

माझी सोलांज,

आधी बसून घे. उभ्याने वाचू नकोस, आणि वॉर्डात तर मुळीच नको, नाहीतर कुणाला भलतीच सुई टोचशील. आपला गास्पार ग्रामोफोनच्या तबकडीवर जाणार आहे.

हो, तुझाच भाऊ, जो अजून मोजे उलटे घालतो. पॅरिसहून अख्खा वाद्यवृंद येणार आहे, आपल्या चर्चमध्ये, मोठमोठी यंत्रं घेऊन. संगीतवाल्यांच्या सेंट सेसिलियाच्या दिवशी, बावीस नोव्हेंबरला, सगळ्या गावासमोर एक मोठी सिम्फनी वाजवणार, वाद्यवृंद खाली आणि ऑर्गन वर सज्जात. वाजेल तशीच ती तबकडीवर उतरणार. रचणाऱ्याचं नाव मला लिहिता येत नाही, पण तो मरून बरीच वर्षं झालीत, रागावणार नाही. चुकलं तर पुन्हा वाजवायची सोय नाही. त्याच संध्याकाळच्या गाडीने ते परत.

त्यांचे मुख्य देल्माससाहेब, हाताच्या इशाऱ्याने सगळ्यांना वाजवायला लावणारे, सप्टेंबरात ऑर्गन ऐकायला आले होते. उंच, वाळलेले, घरी कुणी वाढत नसावं. ऑर्गन ऐकायला आले आणि गास्पारला ऐकून गेले. फादर काझाल घाबरत म्हणाले, "पॅरिसमध्ये तुमच्याकडे मोठे वाजवणारे असतील." तर म्हणाले, "या ऑर्गनची खोड याला ठाऊक आहे, त्यांना नाही." त्या दिवशी मी मसूर आणि सॉसेज केलं होतं, साहेबांनी दोनदा घेतलं. चांगला माणूस.

आता दार लावून घे आणि पुढचं वाच. मला झोप नाही, पोरी. तो वाजवता वाजवता "बाहेर" गेला तर? तुमच्या इस्पितळात त्याला जे लांबलचक नाव आहे ते तू मला सांगितलंस आणि मी विसरले. माझ्यासाठी ते बाहेर जाणंच. चमचा हवेत, डोळे उघडे, आणि आत कुणी नाही. मग परत येतो आणि म्हणतो, "मीठ दे ना." त्याला स्वतःला कळतसुद्धा नाही की तो गेला होता. तुमची आई गेल्यापासून हे आपल्या तिघांतच आहे. फादरना कळलं तर ऑर्गन काढून घेतील. दुष्टपणाने नाही, भीतीने. इतक्या उंच सज्जात, पाठीशी तो बुटका कठडा. शिवाय जुनी माणसं काय काय म्हणतात अशा आजाराबद्दल, तुला माहीत आहे.

म्हणून तर मी दर रविवारी त्याच्या बाकावर पानं उलटायला बसते. मला कुठले सूर वाचता येतायत? तीन हिवाळे शाळेत गेले, त्यात अक्षरं कशीबशी हाती लागली. तो मान हलवतो, मी उलटते. बाहेर गेला की मानेवर हात ठेवते, येतो.

तुमच्याकडे काही औषध असेल तर विचार. नाव सांगू नकोस.

तुझी आज्जी
फिलोमेन

*

लिऑं, २६ ऑक्टोबर

आज्जी,

उभ्यानेच वाचलं आणि मग पायरीवर बसावं लागलं. गास्पारला माझा गालावर पापा दे, आणि मोजे सुलटे घालायला सांग.

इथल्या डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता. औषध आहे, पण सुरुवातीला माणूस पेंगतो, हात जड होतात, आणि एवढ्या थोड्या दिवसांत ते लागू पडेलच असं नाही. झोप कमी झाली की हे वाढतं. काळजीने वाढतं. म्हणजे आता जे जे चाललंय त्या सगळ्याने वाढतं.

देल्माससाहेबांना सांगायला हवं. चांगला माणूस आहे असं तूच लिहितेस. ते दुसरा कुणी शोधतील, गास्पारला वाईट वाटेल, पण सगळ्या गावासमोर आणि त्या यंत्रांसमोर तो गेला, तर तो पुन्हा त्या बाकावर बसेल का? तू त्याच्याशी बोल. तू नाही बोललीस तर मी साहेबांना लिहीन. धमकी समज हवी तर.

सोलांज

*

मोंतार्नेल, १० नोव्हेंबर

सोलांज बाळ,

उशीर झाला, राग मानू नकोस. आधी मृतांचा दिवस आला, तुमच्या आईबाबांच्या थडग्यावर शेवंती ठेवून आले. पिवळ्या मिळाल्या नाहीत, जांभळ्या नेल्या. तुझ्या बाबांना जांभळा आवडत नसे, पण आता कुठे तक्रार करणार. मग खुर्च्या. यंत्रवाल्यांनी फादरना कळवलं की करकरणारी एकही खुर्ची नको, यंत्रात सगळं ऐकू जातं. आता चर्चच्या सगळ्या खुर्च्यांची गवताची वीण माझ्याच हातची, म्हणून मी एकेकीवर बसून, हलून, डुलून पाहिलं. फादर म्हणाले, "फिलोमेनबाई, तुम्ही आज माझ्या चर्चमध्ये नाचताय." म्हटलं, "तुमच्या रविवारच्या प्रवचनापेक्षा जास्त लोक बघतायत मला." ज्या करकरल्या त्या घरी आणून पुन्हा विणल्या. बोटं फाटली आहेत, म्हणून अक्षर असं.

मग गास्पारशी बोलले. तू सांगितलंस तसंच बोलले.

तो बटाटे सोलत होता. म्हणाला, "सांगितलं तर काय होईल, आज्जी?"

म्हटलं, "ते दुसऱ्याला आणतील."

"आणि मग?"

"मग काही नाही. तू रविवारी वाजवशील."

"नाही वाजवणार. फादरना कळेल, बेकरीवालीला कळेल, मग पोरं माझ्यासमोर बोटं नाचवून बघतील की हा आहे का गेला. आज मी ऑर्गनवाला आहे. सांगितलं की रोगी. दोन्ही एकदम राहू देतं का हे गाव?"

तू बोलली असतीस काही तर सांग.

आणि खरी वाईट बातमी आता देते. काल यंत्रवाला माणूस सज्जात आला, ऑर्गनजवळ त्याने मायक्रोफोन टांगला, कानाला ते डबडं लावलं आणि विचारलं, "इथे शीळ कोण घालतंय?" कुणीच घालत नव्हतं. माझी छाती होती. तो म्हणाला, "आज्जीबाई, तुम्ही खाली बसायचं." गास्पारला तसंही सगळं पाठ आहे, पानं उलटायची गरजच नाही, हे त्याच्याच तोंडून निघून गेलं. झालं. म्हणजे त्या दिवशी वर तो एकटा.

गास्पारचा चेहरा उतरला, पण त्या माणसाला म्हणाला, "काही हरकत नाही." मग माझ्या खांद्याला धरून जिना उतरला.

मी एक केलंय. ऑर्गनवर आरसा आहे ना, ज्यात तो खालच्या साहेबांना बघतो? मी खुर्च्या तपासताना बघत गेले, आणि डावीकडच्या तिसऱ्या खांबाशी एक जागा सापडली जिथून त्या आरशात त्याचे डोळे दिसतात. इतकुसे, पण दिसतात. तिथे मी माझी खुर्ची ठेवली. तिथून मी काय करू शकणार, ते मला विचारू नकोस.

साहेबांना लिहू नकोस, पोरी. हात जोडते.

आज्जी

*

लिऑं, १४ नोव्हेंबर

आज्जी,

पत्र लिहून झालं होतं. तिकीटसुद्धा लावलं होतं. तीन दिवस कोटाच्या खिशात घेऊन फिरले आणि आज फाडून टाकलं. बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. बटाटे सोलताना तो जे म्हणाला ते वाचलं आणि हात पुढे जाईना.

रजा मागितली, मिळाली नाही. बावीसला दुपारी मी वॉर्डात असेन. आदल्या रात्री त्याला झोपव. कॉफी नको. वाइन तर नकोच, वाद्यवृंदातले पाजायला बघतील. आणि लगेच कळव. लगेच म्हणजे खुर्च्यांची गोष्ट नंतर.

सोलांज

*

मोंतार्नेल, २४ नोव्हेंबर

सोलांज,

तो ठीक आहे. हे आधी लिहिते म्हणजे तू श्वास घेशील. पडला नाही, थांबला नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता पुढचं सावकाश वाच.

तू सांगितलंस तसं त्याला लवकर झोपवलं. तो झोपला, मी जागी. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मीच लावली, त्याची बोटं जपून ठेवायची म्हणून, असं मी म्हटलं. चर्च इतकं भरलं की लोक पापकबुलीच्या खोक्यांना टेकून उभे होते. फादरनी सांगितलं, खोकला आला तर रुमाल तोंडात कोंबा. बेकरीवालीने खरंच कोंबला होता.

पहिला भाग मी ऐकलाच नाही. मी आरसा बघत होते. वाद्यं वाजत होती, माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती, पण मला दिसत होते ते फक्त दोन डोळे. ते हलतायत, खाली साहेबांकडे जातायत, परत येतायत. आहे, आहे, आहे, असं मी मनात म्हणत होते. दुसऱ्या भागात जरा हलकं वाटलं, पुढच्या बाईची हॅटसुद्धा बघून घेतली, मेलेला पक्षी बसवलाय तिने.

मग तो संथ भाग आला. तिथे सगळी व्हायोलिनं गप्प होतात आणि ऑर्गन एकटाच, अगदी हळू वाजतो, जसं कुणी शेजारच्या खोलीत झोपलंय. शेवटच्या सुरावर तो जरा थांबतो, मग पुढच्या सुरावर जातो, आणि तो गेला की व्हायोलिनं त्याच्याबरोबर उठतात. घरी टेबलावर बोटं आपटत त्याने मला हे इतक्यांदा दाखवलंय की मला ते पाठ आहे.

तो त्या सुरावर आला. आणि डोळे थांबले.

मला माहीत आहे ते थांबणं, सोलांज. मी ते सज्जाच्या जिन्यावरून, स्वयंपाकघरातून, अंधारातसुद्धा ओळखीन. तो गेला. पण हात गेले नाहीत. बोटं पट्ट्यांवर होती तशीच राहिली, आणि ऑर्गनला काय, बोट आहे तोवर तो गातच राहतो. त्याला दम लागत नाही. व्हायोलिनवाल्याचा हात थांबला तर सूर मेला, इथे तसं नाही. सूर चालूच. अख्ख्या चर्चमध्ये तो एकच सूर, आणि तो वाजवणारं वर कुणी नाही.

मी "नमो मरिये" म्हणायला लागले. खाली देल्माससाहेबांचा हात वर उचललेला होता तो तसाच. व्हायोलिनवाल्यांनी गज तारांवर टेकवलेले, कुणी पापणी हलवत नव्हतं. मी जिन्याकडे बघितलं. जिना लांब, गोल, आणि मी उठले तरी खुर्ची वाजणार. प्रार्थना संपली, तरी सूर तोच. मी पुन्हा सुरू केली, "कृपापूर्णे" पर्यंत आले, आणि आरशात त्याची पापणी लवली. तो आला. आणि अगदी अलगद पुढच्या सुरावर गेला, जसं काही झालंच नाही, आणि सगळी व्हायोलिनं त्याच्याबरोबर उठली.

माझ्या शेजारी नोटरीबाई रडत होत्या. मला वाटलं त्यांनासुद्धा कळलं. तर त्या कानात म्हणाल्या, "काय सुंदर."

शेवट झाल्यावर तो जिना उतरून धावत आला, मला उचलून फिरवलं, आणि कानात म्हणाला, "आज्जी, एकदाही नाही गेलो. एकदाही नाही."

मी म्हटलं, "हो रे राजा."

आता मला सांग मी काय करू. साहेबांना काही कळलेलं दिसत नाही, त्यांनी त्याला मिठी मारली. कुणालाच कळलेलं नाही. पण त्या यंत्रात ते आहे. फेब्रुवारीत तबकडी येणार आहे.

आज्जी

*

लिऑं, १ डिसेंबर

आज्जी,

तुझं पत्र रात्रपाळीत वाचलं आणि सकाळपर्यंत माझ्या कानात तो सूर वाजत होता, न ऐकलेला.

कदाचित ते कापतील. यंत्रवाले फीत कात्रीने कापतात म्हणे. पण कापली नाही तर त्याला तबकडीतून कळेल, आणि तू खोटं बोललीस हेही त्याच वेळी कळेल. मग तो तुझ्या "हो रे राजा"वर पुन्हा कधी विश्वास ठेवील? तबकडी यायच्या आत तू सांग. मी फाडलेलं पत्र मला रोज आठवतं. तू असं काही खिशात ठेवू नकोस.

सोलांज

*

मोंतार्नेल, १९ जानेवारी १९५८

सोलांज,

नाही सांगितलं. नाताळात सांगेन म्हटलं, तर तो इतका खूश होता की शेजाऱ्यांच्या बदकावरसुद्धा प्रेम करत होता. राजांच्या दिवशीच्या केकमध्ये लपवलेला घेवड्याचा दाणा त्यालाच मिळाला, म्हणजे त्या दिवसाचा राजा तोच, कागदी मुकुट घालून दिवसभर हिंडला. मुकुट घातलेल्या माणसाला असं कसं सांगायचं?

आणि आता हे बघ. देल्माससाहेबांचं पत्र आलं, बरोबर पॅरिसच्या वर्तमानपत्राचं कात्रण. गास्पारने मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय की संथ भागातला तो लांबलेला सूर ऐकताना सगळ्या चर्चचा श्वास थांबला, इतका धीर आजकाल कुणी दाखवत नाही. आणि साहेब लिहितात, मे महिन्यात पॅरिसला हीच सिम्फनी करायची आहे, तुम्हीच या, आणि तो सूर तेवढाच लांबवा, अगदी तेवढाच, जास्त नाही, कमी नाही.

गास्पार म्हणाला, "कुठला लांबलेला सूर? मी तर होता तेवढाच धरला."

मी म्हटलं, "वर्तमानपत्रवाले काहीही लिहितात. त्यांना शब्दाचे पैसे मिळतात."

"पण साहेबपण म्हणतायत."

"साहेबांनी पेपर वाचला असेल."

मी सूप ढवळत राहिले, त्यात ढवळायला काही उरलं नव्हतं. तेव्हापासून तो चर्चमध्ये जाऊन तो सूर धरून बसतो. कधी थोडा, कधी खूप. येऊन विचारतो, "इतका होता का?" मला काय सांगता येणार? मी म्हणते, "छान होता." पोरी, त्यांना नेमकं तेच हवंय जे त्याने केलंच नाही. मला इतकी भीती त्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती.

आज्जी

*

लिऑं, २३ जानेवारी

आज्जी,

त्याला कळायला लागलंय. तो तुलाच विचारतोय, आणि तू सूप ढवळतेस. माझी रजा मंजूर झाली आहे, मार्चच्या शेवटी. तोवर थांबू नकोस.

सोलांज

*

मोंतार्नेल, २ मार्च

माझी सोलांज,

तबकडी आली. त्याला सांगायचं राहूनच गेलं, आधी तबकडीच आली.

फादरकडे ग्रामोफोन आहे. फादर आजारी माणसाकडे गेले होते, किल्ली देऊन गेले. मी म्हटलं, "तू ऐक, मी अंगणात कोंबड्या बघते." तो म्हणाला, "फादरकडे कोंबड्या नाहीत. बस." मी बसले.

तबकडी फिरली, संथ भाग आला, तो सूर आला, आणि राहिला. मी फरशीकडे बघत होते. राहिला, राहिला, मग हलला. गास्पारने सुई उचलली आणि परत मागे ठेवली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. मला वाटलं आता तो तबकडी आपटणार, किंवा मला बोलणार. त्याने विचारलं, "तू बघितलंस?" मी मान हलवली. "आरशात?" पुन्हा मान हलवली.

मग म्हणाला, "मी कधी बघितलंच नव्हतं, आज्जी. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. मला नेहमी मधलं पान फाडलेलं मिळतं." आणि पुन्हा सुई ठेवली. "इथे मी नाही. इथून इथपर्यंत. आणि वाजतंय."

मी रडले. तो नाही रडला. तो ऐकत होता, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसा, कान देऊन.

त्याच संध्याकाळी त्याने फादरना सांगितलं, मी दाराबाहेर होते. मग फादर म्हणताना ऐकू आले, "म्हणजे इतकी वर्षं मी समजत होतो की फिलोमेनबाईंना सूर वाचता येतात." गास्पार हसला, मग दोघे हसले, मग फादर गंभीर झाले. सज्जाचा कठडा उंच करून घेणार, आणि बाकावर शेजारी कुणीतरी असल्याशिवाय वाजवायचं नाही. ऑर्गन त्याचाच राहिला. बेकरीवालीला कळलंय. तिच्या दिराला पण होतं म्हणे, तिने कधी सांगितलं नव्हतं. पोरांनी बोटं नाचवली, एकदा. गास्पारने मुद्दाम डोळे थांबवले, पोरं पळाली.

पण साहेब राहिले होते. गास्पारने त्यांना सगळं लिहिलं, पॅरिसला मी तो सूर तसा देऊ शकणार नाही, तो मी दिलाच नव्हता, असं. मी ते पत्र टपालात टाकायला नेलं आणि डब्यासमोर उभी राहिले. तुझा कोट आठवला. टाकलं.

उत्तर आलं नाही. काल साहेब स्वतः आले, दुपारच्या गाडीने. मी घाबरून मसूर करपवले. तेच खाल्ले त्यांनी. चमचा खाली ठेवून म्हणाले, "मॉन्स्यूर गास्पार, मला वाटलं मी विसरलो."

गास्पार म्हणाला, "काय विसरलात?"

"माझा हात वर होता. तुम्ही पुढे जायचं की मी इशारा द्यायचा, तेच आठवेना. सगळे गज तारांवर, सगळे डोळे माझ्याकडे. आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. आणि मग तुम्ही हललात. पेपरात स्तुती आली तेव्हा वाटलं, देवच पावला, आता दरवेळी तेवढंच थांबलं की कुणाला कळणार नाही."

"म्हणून ‘अगदी तेवढाच’?"

"म्हणून."

मी म्हटलं, "साहेब, मग त्या दिवशी आपण दोघे घाबरलो होतो, आणि ज्याने घाबरायचं तो एकटाच मजेत होता." ते इतके हसले की पाणी द्यावं लागलं. मेमध्ये गास्पारच वाजवणार. तबकडी आहे तशी विकली जाणार. पॅरिसला बाकावर कोण बसणार, ते विचारत होते, ज्याची छाती शीळ घालत नाही असं कुणी. मी तुझं नाव सांगितलंय. रजा तिकडे वळव.

मग आम्ही चर्चमध्ये गेलो. साहेब खाली उभे राहिले, मी वर बाकावर, तिथे आता कुठलाच मायक्रोफोन नाही. साहेब म्हणाले, "हवा तेवढा धरा. मी थांबेन." गास्पार तिथवर आला आणि सूर धरला. धरलाच. खाली साहेबांचा हात वर. कुणी मोजत नव्हतं. सूर माझ्या पोटात, बाकाच्या लाकडात, आणि तो हलेना. माझ्या मनात आलं, गेला. त्याच्या तोंडाकडे बघायचं मला धाडस होईना, सोलांज, मी त्याच्या बुटांकडे बघत बसले.

तेव्हा तो मान न वळवता, अगदी हळू म्हणाला, "आहे मी, आज्जी," आणि पुढच्या सुरावर गेला.

तुझी
फिलोमेन आज्जी